टोपभर शौर्य

मी टोप बोलतोय. अ‍ॅल्युमिनियमचा, रुंद तोंडाचा, बुडाशी काळवंडलेला. माझ्यासारख्या भांड्याला कुणी फळीवर मांडून सलाम करत नाही. मला केला. वर्षानुवर्षं केला, आणि दर वेळी मला शिसारी आली.

तेगू शहरातल्या एका कारखान्यात पत्र्याच्या चकतीवर दाब पडला आणि मी जन्मलो. तिथून मरीन सैनिकांच्या एका छावणीत आलो. समुद्रातून थेट शत्रूच्या किनाऱ्यावर उतरणारे हे जवान. त्यांचा भात शिजवताना मला धन्य वाटायचं. थंडीत समुद्रात पोहून आलेली पोरं माझ्याभोवती हात शेकायची, तेव्हा मला वाटे, चुलीवरच्या भांड्याला याहून काय हवं?

मरीनमध्ये वय मोजत नाहीत, तुकडी मोजतात. आधीच्या तुकडीतला तो दादा, मग तो वयाने धाकटा का असेना. नोकरी सुटली, केस पिकले, तरी हे नातं सुटत नाही. म्हणून रा हाक्जिन हा मासे सुकवणारा माणूस आजही स्वतःपेक्षा दोन वर्षांनी लहान असलेल्या मा तेसोकला ‘दादा’ म्हणतो. तेसोक त्याला ‘अरे हाक्जिन’ म्हणतो.

छावणीत माझं बूड झिजलं तेव्हा मी भंगारात गेलो. तेसोक तोवर नोकरीतून मोकळा होऊन गुर्योंगपोच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करू लागला होता. भंगारवाल्याकडे त्याने माझ्या काठावरचा पोचा ओळखला. तो त्यानेच डावाने पाडलेला होता. मला छातीशी धरून तो माजी मरीनांच्या खोलीवर घेऊन गेला.

ही खोली म्हणजे मासळीबाजाराच्या चौकातला लाल रंगवलेला लोखंडी खोका. दर शनिवारी दुपारी म्हातारे होत चाललेले जवान तिथे जमत. लाल सदरे, छातीवर पिवळ्या अक्षरांतलं नाव, डोक्यावर आठकोनी टोपी. आंबवलेल्या कोबीची किमची, सुकी मासळी, सोजू दारूच्या बाटल्या. भिंतीवर झेंडा, झेंड्याखाली फळी आणि फळीवर मी. माझ्या पोटावर तेसोकने लाल कापडाची पट्टी चिकटवली होती. तिच्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: शौर्य.

सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. एका वर्षी नदीचा बांध फुटला, तेव्हा हीच माणसं कुणी बोलवायच्या आधी रबरी होड्या घेऊन निघाली. हाक्जिनने एका आजीला पाठीवर घेऊन छातीभर पाण्यातून आणलं. त्या दिवशी मला फळीवरून उतरवून त्यांनी माझ्यात पेज शिजवली आणि ओल्या लोकांना वाढली. ते मात्र शनिवारी कुणी फारसं सांगत नसे.

सांगत ते माझं. तेसोक मला टेबलावर ठेवायचा, डाव घ्यायचा आणि माझ्या काठावर वाजवायचा. टण्, टण्.

“हाक्जिन नवा होता. काडीपैलवान. मी म्हटलं, बघू तुझ्यात किती दम आहे. हा टोप काठोकाठ नूडल्सने भरला. असाच डाव वाजवत होतो, आणि गडी खात होता. खात होता, खात होता. शेवटी टोप रिकामा. त्या दिवशी हा मरीन झाला.”

सगळे टाळ्या वाजवायचे. हाक्जिनही हसायचा, मान लववायचा आणि म्हणायचा, “दादांची कृपा.” पण डाव वाजला की त्याचे खांदे कानांपर्यंत वर जायचे. ते फक्त मला दिसायचं. आणि मी टेबलावर असताना त्याने एक घासही कधी तोंडात घातला नाही. घरून जेवून आलोय, म्हणायचा. दर शनिवारी.

मला त्या टाळ्यांची किळस होती, आणि खरं सांगतो, त्याच्या हसण्याची त्याहून जास्त. कारण तेसोक गोष्ट नेहमी एका ठरावीक जागी संपवायचा. पुढचं तेसोकला, हाक्जिनला आणि मला ठाऊक होतं.

मग हाक्जिनच्या मुलाने, उनहोने, मरीनमध्येच भरती व्हायचं ठरवलं. लहानपणापासून तो ही गोष्ट ऐकत आला होता. त्याला वाटे, आपला बाप म्हणजे वाघ. जायच्या आधीच्या शनिवारी तेसोकने त्याला निरोप द्यायला खोलीवर बोलावलं. मला खाली काढून घासलं, चुलीवर चढवलं आणि नूडल्सची पाकिटं माझ्यात रिकामी केली. पाणी उकळलं तसं मला कळलं, काय होणार आहे ते.

उनहो खुशीत होता. बाह्या सरसावून बसला आणि म्हणाला, बाबांपेक्षा लवकर संपवून दाखवतो. तेसोक हसत म्हणाला, “बापाला हरवलंस तर माझी टोपी तुझी.” टण्, टण्.

पहिला वाडगा पोराने मजेत खाल्ला. दुसरा घाईने. तिसऱ्याला त्याच्या कपाळावर घाम फुटला. म्हातारे टाळ्यांचा ठेका धरून होते. त्याने एकदा बापाकडे पाहिलं. बाप हसत होता, ते नेहमीचं हसू. पोराने ते पाहून पुढचा घास कोंबला. मग त्याला ओकारीची उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने तोंडावर हात दाबला.

“गिळ,” तेसोक म्हणाला. “बापाचं नाव घालवू नकोस.”

हाक्जिन उठला आणि त्याने तेसोकच्या हातातला डाव काढून घेतला. दादाच्या हातातली वस्तू अशी कुणी घेत नाही. टाळ्या थांबल्या.

“उनहो, थुंक ते,” तो म्हणाला. “गोष्ट टोप रिकामा झाल्यावर संपत नाही. रिकामा झाला आणि मी त्यातच ओकलो. दादांनी डाव वाजवला आणि म्हणाले, टोप अजून भरलेला आहे. मग मी ते खाल्लं. रडत खाल्लं. इतकी वर्षं मी इथे बसून त्यावरच हसलो.”

सर्वांत आधीच्या तुकडीचे प्यो आजोबा हातातला पेला खाली ठेवून टेबलाकडे बघत राहिले. तेसोकचा चेहरा लाल झाला.

“तेव्हा सगळ्यांचंच असं व्हायचं,” तो म्हणाला. “माझ्या वरच्यांनी मलाही खायला लावलं होतं. अगदी हेच.”

“मग तुम्हाला तर चव माहीत होती, दादा.”

तेसोकने हात लांब करून दार दाखवलं. या खोलीत मरीन बसतात, रडके नाहीत, एवढंच म्हणाला. हाक्जिनने मला दोन्ही कानांनी धरून उचललं, नूडल्ससकट. बाहेर धक्क्यावर येऊन त्याने मला पालथं केलं. समुद्रपक्षी तुटून पडले. शेजारी उनहो गुडघ्यांवर बसून ओकत होता, आणि बाप त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

त्या दिवसापासून लाल सदरेवाले बाजारात हाक्जिनला ओळख देत नाहीत. ज्याच्या घरच्या लग्नात याने सुकी मासळी पोहोचवली, तो मान वळवून जातो. हे त्याला लागतं. आठकोनी टोपी त्याने अजून खुंटीवर जपून ठेवली आहे. रोज तिच्यावरची धूळ झटकतो. तीच टोपी घालून तो उनहोला छावणीच्या फाटकापर्यंत सोडायला गेला. मला त्याने गाडीत टाकलं होतं, परतताना बंदरावरून मासे आणायला, म्हणून मी ऐकलं.

“जोरात पोह,” तो पोराला म्हणाला. “बुडणाऱ्याला सोडू नकोस. आणि तुझ्या हाताखाली कुणी आलं, तर त्याला पोटभरच वाढ.”

मरीनांच्या मर्दानगीबद्दल मला शंका नाही. मी त्यांना पुराच्या पाण्यात पाहिलंय. पण ज्या पराक्रमात समोरचा माणूस आपलाच असतो, नवा असतो आणि हात जोडून उभा असतो, त्याला पराक्रम म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमच्याकडेही अशी एखादी गोष्ट असेल, दर वेळी नेमकी एकाच जागी संपणारी. टाळ्या वाजवायच्या आधी जरा थांबा. जो सगळ्यांत मोठ्याने हसतोय, त्याच्या खांद्यांकडे बघा.

आता मी हाक्जिनच्या अंगणात असतो. खाऱ्या वाऱ्यावर काठ्यांना मासे टांगलेले असतात आणि मी खाली. मासे चिरताना तो आतडी, पित्त, खवले, सगळं माझ्यात टाकतो. पोटावरची लाल पट्टी पहिल्याच आठवड्यात कुजून गळून पडली. परवा प्यो आजोबा मासे घ्यायला आले. त्यांनी मला ओळखलं. वास सहन न होऊन नाकाला रुमाल लावला, आणि तरीही बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग त्यांनी आणखी थोडे मासे मागितले; शनिवारी खोलीवर न्यायला नव्हे, म्हणाले, घरी खायला.

माश्या घोंगावतात, मांजरं काठ चाटतात. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून नाक मुरडतात. मुरडू देत. इतक्या वर्षांत मला इतकं स्वच्छ कधी वाटलं नव्हतं.