मधली पायरी

“जिन्यावरून पडली. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं. ना कमी, ना जास्त.”

आत्याचा हा आवाज थोरलीला अजूनही उजव्या कानाशी ऐकू येतो. त्या दिवशी आत्या तिच्या उजव्या अंगाला बसून तिची वेणी घालत होती. पेड आवळता आवळता तिनं ते वाक्यही आवळून बांधलं. पुढं केस सुटले, पिकले, विरळ झाले. वाक्य तेवढं सुटलं नाही.

“मावशी, करायची सुरुवात?”

भाचीनं फोन टेबलावर उताणा ठेवला. त्यावर एक लाल ठिपका पेटला. थोरलीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मान हलवली.

भाची कायद्याच्या कॉलेजात शिकवते. जुनं सरकारी इस्पितळ आता पाडणार आहेत. त्याआधी तिथल्या बायकांच्या वॉर्डाची हकिगत तिला जमवून ठेवायची होती, गर्भपाताचा कायदा यायच्या आधीची आणि नंतरची. तिचं म्हणणं असं की कायदा पुस्तकात सापडतो, पण कायदा नव्हता तेव्हा काय होतं ते कुणाच्या तरी तोंडातच असतं. आणि मावशीनं सगळी नोकरी त्याच वॉर्डात काढली होती. गल्लीतले लोक अजून तिला सिस्टर म्हणूनच हाक मारत.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला धाकटी, म्हणजे भाचीची आई, मटार सोलत होती. घर तिचं. थोरली गुडघ्याचं दुखणं घेऊन इथं राहायला आलेली.

“हिला कशाला विचारतेस?” धाकटी लेकीला म्हणाली. “राउंड संपेपर्यंत कुणाला जागचं हलू देणार नाही.”

“तू मटार सोल,” थोरली म्हणाली.

आणि ती बोलू लागली. ड्यूटी बदलताना एका सिस्टरनं दुसरीला वॉर्ड सोपवावा, तशा आवाजात. कुठल्या खाटेवर कोण, ताप किती, सलाइन कधी लावलं. त्या आवाजात रडू मावत नाही. रडत वॉर्ड सोपवला तर पुढची सिस्टर घेणार कशी?

शेवटच्या खिडकीकडच्या खाटा त्या बायकांच्या, ती सांगत होती. अंगात ताप फणफणलेला, पोट दगडासारखं. फिनेल कितीही ओतलं तरी खालून दुसरा वास वर यायचाच. कुणी काडी घातलेली, कुणी काढा घेतलेला. कुणाच्या गावातल्या बाईनं काय केलं ते तिचं तिलाही धड ठाऊक नसायचं. खरं सांगितलं तर डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागे. मग पोलीस खाटेच्या पायथ्याशी उभा राहून नाव विचारत बसायचा. इकडे ताप चढत जायचा आणि बाई नाव न सांगताच डोळे मिटायची. म्हणून वॉर्डाची एक रीत पडली होती. डॉक्टर यायच्या आधी सिस्टरनं खाटेशी जायचं, कपाळावर हात ठेवायचा आणि उत्तर आपल्याच तोंडानं विचारायचं.

“जिन्यावरून पडलात ना?”

बाईनं नुसती मान हलवायची. पोलीस टळायचा. औषध सुरू व्हायचं. काही जगायच्या.

“आणि डॉक्टरांना कळत नसे?”

थोरली थोडी हसली. मोठे डॉक्टर एकदा राउंडला म्हणाले होते, सिस्टर, आपल्या भागात घरं सगळी बैठी, आणि बायका पडतात सगळ्या जिन्यावरून, एखाद्या इंजिनिअरला बोलावून घ्यायला हवं. एवढं बोलून त्यांनी सही केली. पुन्हा कधी विचारलं नाही.

भाचीही हसली, आणि आपण हसलो हे लक्षात आल्यावर फोनकडे बघत राहिली. धाकटी हसली नाही. शेंगेतला एक दाणा निसटून टेबलाखाली गेला, तो तिनं वाकून शोधला नाही.

“हे वाक्य वॉर्डात आणलं कुणी?” भाचीनं विचारलं.

थोरलीनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“होतं आधीपासून,” ती म्हणाली.

नव्हतं. तिनंच आणलं होतं. कोवळ्या वयात नोकरीला लागली तेव्हा बरोबर आणलेलं तेवढंच तिचं शिक्षण.

या दोघींच्या माहेरच्या घराला खरोखरच जिना होता, म्हणून तर ते वाक्य खपून गेलं. खाली वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या, मध्ये करकरणारा लाकडी जिना. आई धाकटीला कडेवर घेऊन उतरायची तेव्हा पायरीपायरीला गुणगुणायची:

एक पायरी चिमणीची, एक पायरी मैनेची,
मधली पायरी राखून ठेवा माझ्या ठकी राणीची.

ठकी म्हणजे धाकटी. मधली पायरी तिच्या मालकीचीच झाली होती. तिथं तिचा खेळ मांडलेला असायचा, पितळेची इवली भांडी, चिंधीची बाहुली, आणि बाहुलीला पाजायला वाटीभर पाणी.

धाकटीच्या वेळेला आई मरता मरता वाचली होती. पुन्हा मूल होऊ देऊ नका, असं डॉक्टर वडिलांना बजावून गेले. होऊ द्यायचं नाही म्हणजे काय करायचं, आणि झालंच तर काय करायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. पहिलं सांगायचा त्यांना संकोच, दुसरं सांगायला कायद्याची भीती. मग एका सकाळी आत्या एका बाईला घेऊन आली. बाईच्या हातात कापडी पिशवी होती. धाकटीला शेजारी पाठवून दिलं. थोरलीला ठेवून घेतलं, कारण कुणीतरी खालच्या बंबातलं गरम पाणी वर आणायला हवं होतं. संध्याकाळी शेजारची काकू धाकटीला घेऊन आली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला आत्या तेच एक वाक्य देत होती.

थोरलीनं ते जपलं. वडील गेले, आत्या गेली, खरं ठाऊक असलेली ती एकटी उरली. धाकटीनं कधी काही विचारलं नाही, त्यामुळे सांगायची वेळ आली नाही. शिवाय आई धाकटीच्या मनात जशी आहे तशीच राहू द्यावी, असं तिला वाटे. पाय घसरून मेलेल्या आईला कुणी नावं ठेवत नाही.

“मग कायदा आला,” भाचीनं धागा हातात दिला.

मग कायदा आला. इस्पितळात एक छापील कागद भिंतीवर लागला आणि मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून तो वाचून दाखवला. थोरलीला त्यातलं फारसं कळलं नाही. तिला कळलं ते नंतर, एका सकाळी. एक बाई स्वतःच्या पायांनी चालत आली. ताप नाही, काही नाही, केस नीट विंचरलेले. थोरलीनं सवयीनं कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, जिन्यावरून पडलात ना? बाईनं तिच्याकडे पाहिलं. म्हणाली, नाही हो, मला हे मूल ठेवायचं नाही, त्याला आता परवानगी आहे म्हणतात. भर उजेडात, चारचौघींत, भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज. थोरलीचा हात तिच्या कपाळावरच राहिला. पुढचं वाक्य तिच्यापाशी नव्हतं.

“तुला काय वाटलं तेव्हा?”

“काही नाही,” थोरली म्हणाली. “तिला खाट दाखवली.”

सगळं एका रात्रीत सुधारलं असंही नाही, ती सांगत गेली. कायद्यात कुठं नसताना नवऱ्याची सही मागायचे. नवरा नसेल तर भावाची. कुणाला अट घालायचे, आधी पोरं बंद व्हायचं ऑपरेशन करून घे, मगच हात लावू. वरून ऑपरेशनांचा आकडा यायचा, आकडा भरायचा असायचा. बाई मात्र तीच, कालपर्यंत तिला खोटं बोलावं लागे, आता सही आणावी लागे. पण खिडकीकडच्या खाटा हळूहळू रिकाम्या पडू लागल्या. मग एके दिवशी तिथं गाद्यांचा ढीग रचून ठेवला. तो ढीग बघायला ती रोज सकाळी जाऊन उभी राही. का, ते तिला सांगता येणार नाही.

धाकटीनं टरफलं एका बाजूला लोटली.

“आणि मावशी,” भाची म्हणाली, “ज्या बायका वाचल्या नाहीत, त्यांच्या घरी? त्यांच्या मुलांना काय सांगायचे?”

“तेच.”

“तेच म्हणजे?”

“आई जिन्यावरून पडली.”

धाकटी उठली. कुणाला काही न बोलता तिनं ओट्यावरचं फडकं घेतलं आणि जिन्याकडे गेली. या घरातही जिना आहे, सिमेंटचा, वर भाचीच्या खोलीत जाणारा. ती मधल्या पायरीवर वाकली आणि पुसू लागली.

“झालं आईचं सुरू,” भाची आवाज उतरवून म्हणाली. “घरात कुठंही धूळ असू दे, जिन्याची मधली पायरी आरशासारखी. मला लहानपणी जिन्यावर पाण्याचं भांडं न्यायची बंदी होती, ठाऊक आहे तुला? एकदा नेलं तर तिनं मला मारलं. आयुष्यात तेवढं एकदाच. आणि मग माझ्यापेक्षा तीच जास्त रडली.”

थोरली जिन्याकडे बघत होती. पुसणाऱ्या हाताच्या कोपराकडे. ते कोपर असंच हलताना तिनं आधी पाहिलेलं होतं.

त्या संध्याकाळी, माणसं दाटलेली असताना, फ्रॉकच्या घोळानं ठकी मधली पायरी पुसत बसली होती. भांडी बाजूला लावलेली, बाहुली भिंतीला टेकवलेली. घासून घासून फ्रॉक काळा झाला तरी थांबेना. बायका डोळे टिपत म्हणाल्या, पोर बघा किती शहाणी, आईची कामं आतापासून करते. आत्यानं तिला उचललं तेव्हा फ्रॉकच्या घोळावरची तिची मूठ उघडेना. थोरलीनं हे सगळं बघितलं होतं, आणि तिलाही वाटलं होतं, शहाणी आहे.

सकाळी धाकटीला घाईनं शेजारी नेलं तेव्हा बाहुलीची वाटी कलंडलेली होती. ते पुसायला तिला कुणी वेळ दिला नव्हता.

थोरली मनाशी मोजू लागली. आपण हे वाक्य किती बायकांच्या कपाळावर हात ठेवून दिलं, आणि त्या बायकांबरोबर ते कुठल्या कुठल्या घरी गेलं. कुणा पोरानं जिन्यात गोटी विसरलेली असेल. कुणी आईला मागून हाक मारली असेल. कुणी बोट सोडलं असेल. आणि ज्या घराला जिनाच नव्हता, तिथल्या पोरांनी काय केलं असेल?

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवत जिन्यापाशी गेली, कठडा धरून धाकटीच्या बाजूनं चढली आणि मधल्या पायरीच्या वरच्या पायरीवर टेकली. पाय मधल्या पायरीवर आडवा राहिला.

“ताई, पाय उचल,” धाकटी वर न बघता म्हणाली.

थोरलीनं पाय उचलला नाही. तिनं फडक्याचं एक टोक धरलं. फडकं कोरडं होतं. पायरीही कोरडीच होती. धाकटीनं ओढलं, तिनं सोडलं नाही. लहानपणी चादरीची घडी घालताना धरायच्या तशी दोघींनी दोन टोकं धरलेली.

“ठके,” थोरली म्हणाली. ही हाक तिनं वर्षानुवर्षांत मारली नव्हती. “त्या दिवशी आपल्या मधल्या पायरीवर पाणी सांडलं होतं. मला माहीत आहे. मी त्याच्यावरूनच वरखाली करत होते. वर गरम पाणी न्यायचं होतं.”

धाकटीचा हात जागीच थांबला.

“आईला ते मूल ठेवायचं नव्हतं. मी आता सांगितलं ना, त्या बायकांसारखंच. आत्यानं एका बाईला आणलं होतं. मी तिथंच होते, आईचा हात धरून.”

टेबलाशी भाची फोनकडे हात नेता नेता थांबली.

“वर?” धाकटीनं विचारलं. आवाज तिचा नव्हता, फार लहान कुणाचा तरी होता.

“वरच्या खोलीत. सकाळपासून शेवटपर्यंत वरच होती.” थोरलीनं फडकं तिच्या मुठीतून हळूच सोडवून घेतलं. “आई त्या दिवशी जिन्यावर आलीच नव्हती.”