टाचेचा टाका

सांडोरच्या मर्सीबाईंची लेक डेल्फिन हृदयाची सर्जन होणार, हे गावाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. खुद्द होणाऱ्या सर्जनलाच तेवढी खात्री नव्हती. मुंबईच्या इस्पितळात ते शिकू लागून तिला दोन वर्षं झाली, २००२ साल निम्मं सरलं, तरी टेबलाशी उभं राहून दुसऱ्यांचे हात बघण्यापलीकडे तिची मजल गेली नव्हती.

तिच्या सरांचा नियम सरळ होता. आधी डुकराच्या हृदयावर नळीला नळी शिवून दाखवायची. मग सर त्या जोडात सिरिंजने पाणी भरणार. थेंब गळला नाही, तर माणसाच्या हृदयावरचा एक जोड तुझा. डेल्फिनचा जोड दोनदा गळला होता, दोन्ही वेळा एकाच जागी, टोकाच्या वळणावर. त्या वळणाला सर टाच म्हणत. गळण्याचं कारण मात्र सांगत नसत. ‘पुन्हा’ एवढंच म्हणत. सोमवारी तिसरी आणि शेवटची खेप होती. तीही फुकट गेली, तर मंगळवारचा पेशंट तिच्याबरोबर शिकणाऱ्या संग्रामकडे जाणार होता, आणि त्या संग्रामच्या अंगात आतापासूनच वारं शिरलं होतं.

शनिवारी घरी आली तेव्हा तिने गावातूनच डुकराचं हृदय आणलं आणि दुपारभर माडीवर बसून केसासारख्या निळ्या दोऱ्याने त्यावर सहा जोड शिवले. गळतंय ना, मग आवळ आणखी, असं स्वतःला बजावत टाचेचा टाका तिने दातओठ खाऊन ओढला. पाणी भरून बघायचं मात्र धाडस होईना. हृदय डब्यात घालून तिने फ्रीजमध्ये ठेवलं. रविवारी मिस्साला बसली, तर फादर काय सांगत होते यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. बोटं मांडीवर टाके घालत होती.

घरी येऊन बघते तर डबा धुऊन पालथा घातलेला आणि शेगडीवर डुकराच्या मांसाचं इंद्याल रटरटत होतं. सेलिनमावशी जेवायला येणार, मांस कमी पडेल, म्हणून पहाटेची मिस्सा उरकून आलेल्या मर्सीबाईंनी ते हृदयही चिरून त्यात घातलं होतं. डेल्फिनचे सहाही जोड गेले होते. पण तेवढ्यात मावशी दारात हजर, मग बोलणार काय आणि कुणाला? ती जेवायला बसली. मावशीने दातांतून निळा दोरा ओढून काढला, तेव्हा मर्सीबाई जराशा ओशाळल्या.

“मना वाटला, तूने मसाला भरून शिवलाय,” त्या लेकीला म्हणाल्या. “चष्मा लावून सगला दोरा काढला मी. बाकीचा कसा छान सुटला. वलनावर मात्र तूने एवढा करकचून बांधलेला, की मांसच कापला गेलेला. दोरा नुसता लोंबत होता.”

डेल्फिनचा हात ताटातच थांबला. सहाच्या सहा ठिकाणी का, असं तिने विचारलं. आईने हो म्हणून मान हलवली. गळतं म्हणून ती आवळत होती, आणि आवळत होती म्हणूनच गळत होतं.

सोमवारी सरांसमोर शिवताना टाचेपाशी आल्यावर बोटं सवयीने आवळायला गेली. तिने ती आवरली. दोरा नुसता टेकेल इतकाच ओढला. काम अर्धवट टाकल्यासारखं वाटत होतं. सरांनी सिरिंज दाबली. नळी फुगली, आणि टाच कोरडीच राहिली. उद्या सातला हात धुऊन उभी राहा, एवढंच म्हणून ते निघून गेले.

तिला आनंद व्हायला हवा होता. वाटली ती भीती. डुकराच्या सहा टाचा तिने फाडल्या आणि कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. पाय आपोआप वॉर्डाकडे वळले. मंगळवारचा पेशंट प्रल्हाद राऊत, चांदीपचे निवृत्त शिक्षक, खाटेवर बसून चहा पीत होते. उद्या मोठे डॉक्टर स्वतःच करणार ना, असं त्यांनी विचारलं.

हो म्हणून सुटता आलं असतं.

“एक जोड मी शिवणार आहे,” ती म्हणाली.

मास्तरांनी कप खाली ठेवला आणि तिला नीट न्याहाळलं.

“मग आज जेवून लवकर झोपा, बाई,” ते म्हणाले.