घळीतून वळसा

"सरळ वर काढू ना?" लायलने बुलडोझरच्या खिडकीतून विचारले. "त्या दोन धोंड्यांच्या मधून. वरच्या उघड्या खडकाला जाळरेषा भिडली की झालं, साफ केलेल्या पट्ट्यात आगीला जळायला काही उरणार नाही."

"तिथून नको," मी म्हणाले.

पश्चिमेच्या कड्यामागे धूर उभा होता. निलगिरीची जळकी पाने आमच्या अंगावर पडत होती, अजून गरम. दुपारी वारा फिरणार, असे वायरलेसवर सांगत होते. फिरला की आग खाली वस्तीत उतरणार. बाहेर जाणारा एकच रस्ता धुराने बंद झालेला. सगळी माणसे शाळेच्या मैदानात जमली होती. लायलची बायको आणि लेकरेही.

"का नको, मावशी?"

लायल माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. शाळेच्या मुलांना मी हा डोंगर दाखवते, त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देते. धोंड्यांपलीकडची जागा मात्र बायकांची. पुरुषांनी तिथे जायचे नाही, आणि तिथे काय आहे हे त्यांना सांगायचेही नाही. मला आजीने हाताला धरून नेले होते.

मी धोंड्यांकडे पाठ केली. लायलने मान खाली घातली.

"बरं. मग कुठून?"

"खालच्या अंगानं. घळीतून वळसा घालून."

"दुप्पट वेळ लागेल. मध्येच वारा फिरला तर दोघं भाजून निघू."

"तुला भाजायला जरा उशीर लागेल. पोट बघ की."

तो हसला नाही.

डोंगरात शिरताना आम्ही जुन्या माणसांना, आमच्या पूर्वजांना, हाक घालतो: आम्ही आलोय, तुमचेच आहोत. मुलांना मी ती मोठ्याने घालायला शिकवते. त्या दिवशी मी निम्मीच घातली. उरलेली लायलने इंजिन बंद करून, डोके बाहेर काढून पुरी केली.

मी पुढे चालले, मशीन माझ्यामागे. छोटे कांगारू माझ्या पायांशेजारून खाली पळत होते. एकही मला बुजला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. माझ्या शब्दाखातर वस्ती जळाली तर? लायलच्या लेकरांना काय सांगणार होते मी? कशासाठी जळाली, तेही सांगता आले नसते.

घळ संपता संपता वारा फिरला. मागून आगीची घरघर आली, आभाळ तांबडे झाले. शेवटचे झुडूप आडवे करून लायल उघड्या खडकावर चढला. मला ओढून त्याने मशीनच्या आडोशाला दाबून धरले.

आग जाळरेषेपर्यंत आली आणि तिथेच बसली. वस्ती वाचली. बायकांची जागा मात्र रेषेच्या पलीकडे, आगीच्या बाजूला राहिली होती.

दुसऱ्या दिवशी खडक निवल्यावर मी परत वर गेले. लायल खडकावरचे मशीन न्यायला आला होता, तो तिथेच थांबला, धोंड्यांकडे पाठ करून. मी एकटी आत गेले. हातांनी राख बाजूला केली.

परत आले तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते. त्याने पाण्याची बाटली पुढे केली, माझ्या तोंडाकडे न बघता.

"मशीन खाली न्यायचंय," तो म्हणाला. "मधलं सगळं जळून मोकळं झालंय. आता धोंड्यांमधून सरळ नेऊ?"

मी पाणी प्याले.

"नको. वळशानंच ने."

त्याने मान हलवली आणि मशीन घळीकडे वळवले.