जाळीच्या अलीकडे

चूक माझी. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे मग कुणी माझी समजूत घालायला येणार नाही.

माझे यजमान सार्कीस आमच्या गावच्या मारोनी कॅथलिक चर्चचे पाद्री. गाव त्यांना अबूना म्हणतं. आमच्यात लग्न झालेल्या माणसाला पाद्री होता येतं, फक्त दीक्षेच्या आधी लग्न उरकायचं. यांनी माझ्याशी उरकलं. आणि आमचा एकुलता एक मुलगा नोहरा, एकोणतीस वर्षांचा घोडा, गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, की त्याला बायका आवडत नाहीत, बैरूतमध्ये तो एका पुरुषाबरोबर राहतो आणि दोघांना कॅनडाचा व्हिसा मिळालाय.

"बाबांना सांगून जायचंय, आई. शिव्या दिल्या तरी चालतील. पण चोरासारखा नाही जाणार."

मी घाबरले. यांचा आवाज चढला की समोरच्या डोंगरावरची माणसं खिडकीत येतात. म्हटलं, ओरडता येणार नाही अशा जागी सांगावं. "शनिवारी चर्चमध्ये पापांच्या कबुलीला जा. जाळीमागे ते बाप नसतात, पाद्री असतात. तिथे आवाज चढवत नाहीत." तीस वर्षं पाद्र्याची बायको म्हणून मिरवले, तरी एवढी साधी अक्कल मला नव्हती.

शनिवारी दुपारी पोरगा पांढराफटक चेहरा घेऊन परत आला.

"काय म्हणाले?"

"आधी कपाळ जाळीला टेकवलं. बाहेर रांगेतली म्हातारी खोकत होती. मग म्हणाले, त्याला सोडणार नसशील तर क्षमा देता येणार नाही. आवाज कापत होता गं त्यांचा. घरी बोलतील बहुतेक."

हे घरी आले, पण बोलले नाहीत. रविवारी जेवताना यांनी नोहरापुढे लबनेची, चक्क्यासारख्या घट्ट दह्याची वाटी सरकवली, यंदा ऑलिव्हच्या घाण्यावर केवढी रांग आहे ते सांगितलं, आणखी भाकरी हवी का विचारलं. डोळे मात्र लाल होते. नोहरा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटी अर्धं ताट टाकून अंगणात गेला.

"मी मेलोय का, आई?" तो म्हणाला. "सगळं पोटातलं काढून दिलं त्यांना, आणि ते मला भाकरी हवी का विचारतात? उद्या सकाळी जातो. पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही."

मी तरातरा आत गेले. "अहो, पोराशी बोलत का नाही तुम्ही?"

"कशाबद्दल?" हे म्हणाले. आणि माझ्याकडे असं पाहिलं, की तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

कबुलीत ऐकलेलं पाद्र्याने बाहेर काढायचं नसतं. बायकोजवळ नाही, गळ्याला सुरी लागली तरी नाही. ज्याने सांगितलं त्याच्याजवळसुद्धा नाही, तो स्वतः बाहेर विषय काढेपर्यंत. यांच्या तोंडाला कुलूप मीच घातलं होतं, आणि वर शहाणपणा केल्याच्या आनंदात होते.

सोमवारी सकाळी नोहरा बॅग घेऊन व्हॅनची वाट बघत उभा होता. मी तशीच सपाता घालून धावले.

"पुन्हा सांग त्यांना. उघड्यावर, जाळीच्या अलीकडे. तू काढल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही रे!"

"एकदा सांगायला मला दहा वर्षं लागली, आई."

"तुझ्या पाया पडते."

हात धरून त्याला झाडांत ओढत नेलं. हे काठीने ऑलिव्ह झोडपत होते.

"बाबा," नोहरा म्हणाला, "माझं एका पुरुषावर प्रेम आहे. ही कबुली नाही. आता बोला."

यांच्या हातून काठी गळली. यांनी त्याला मिठी मारली आणि लहान मुलासारखे रडले. मला वाटलं, जिंकले मी! पोरगा आता राहतोय!

"तू जसा आहेस त्यात पाप नाही, बाळा," हे म्हणाले. "अशा माणसाला मानाने वागवा, दुखवू नका, असं चर्चच सांगतं. पण देवाने पुरुषाला बाईसाठी घडवलं आणि बाईला पुरुषासाठी. तो माणसाचा निसर्ग. त्याच्या उलट वागू नकोस. त्याला सोड. एकटा राहा, मी आहे तुझ्यामागे."

"किती दिवस एकटा?"

"जन्मभर."

नोहराने हळूच त्यांचे हात सोडवले. "बाबा, दीक्षेच्या आधी तुम्हालाही विचारलं होतं ना, लग्न करणार की एकटे राहणार? तुम्ही काय म्हणालात?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पायांतल्या सपातांकडे, एप्रनला लागलेल्या पिठाकडे, तीस वर्षं बघत आलेल्या तोंडाकडे. मी मनातल्या मनात ओरडत होते, बोला, काहीही बोला, चूक बोला, पण बोला!

खाली व्हॅनचा हॉर्न दोनदा वाजला. नोहराने बॅग उचलली. आता मध्ये जाळी नव्हती, कुठलाही नियम यांचं तोंड धरून बसला नव्हता. तरी हे गप्पच उभे राहिले.