पडला की पाडला

माणसाचं मोठेपण त्याच्या शत्रूंवरून ठरतं, आणि ते ठरवण्याचं काम इतिहास फार गांभीर्याने करतो. मारोतराव घाटोळ्यांच्या बाबतीत इतिहासाला सवड झाली नाही, म्हणून ते काम पुरानी बस्तीतल्या मराठी मंडळाने रविवारी सकाळी अकराला हाती घेतलं. सव्वाअकराला मोजणी संपली. शत्रू अडीच निघाले.

प्रकरण असं होतं. राज्य नवीन, राजधानी नवीन, सरकारी पाट्यांचा रंग अजून बोटाला लागत होता. अशात क्रीडा खात्याने राजधानीतल्या तेलीबांध्याला बॉक्सिंगचा वर्ग काढायचं ठरवलं. शिकवायला जुना खेळाडू हवा होता. अट एकच: एखाद्या नोंदणीकृत संस्थेने त्याची शिफारस करावी आणि त्याने 'तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यावर' विजय मिळवल्याचं लिहून द्यावं.

मारोतराव चौसष्ट ते अडुसष्ट अशी सलग पाच वर्षं विभागाचे हेवीवेट विजेते होते. पुढे रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरच्या वर्षात त्यांनी घरातल्या गळक्या नळांचे वायसर बदलले, मग न गळणाऱ्यांचे बदलले, आणि मग तेही गळू लागले. रोज पहाटे उठून ते उजवा ठोसा कसा मारायचा हे समजावून सांगत. ऐकायला न्हाणीघराची भिंत असे. त्यांना हा वर्ग हवा होता. इतकं काही त्यांना लग्नानंतर प्रथमच हवं झालं होतं.

पण शत्रूंची पंचाईत होती. हेवीवेट म्हणजे एक्क्याऐंशी किलोंच्या वर. त्या काळी या भागात तेवढा भरणारा माणूस एक तर मालगुजार असे नाहीतर हलवाई, आणि मालगुजार चारचौघांत बनियनवर येत नसत. चौसष्टला सदर बाजारातला हलवाई आला, पहिल्या फेरीत पाणी मागून खाली बसला तो उठलाच नाही. पासष्टला समोरच्याला ताप आला. सहासष्टला पोलिसातल्या पहिलवानाने घंटा वाजताच धोबीपछाड घातली आणि कुस्तीचा डाव टाकला म्हणून तो बाद झाला. त्याला मंडळाने अर्धा धरला. सदुसष्ट आणि अडुसष्ट, दोन्ही वेळा समोर जवळच्या अभनपूरच्या राइस मिलमधला हमाल, लहानू.

"राग मानू नका, मारोतराव," अध्यक्ष श्यामराव वकील म्हणाले. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले होते आणि त्यामुळे लढाई या विषयावर शेवटचा शब्द त्यांचा असे. "पण लहानूला हरवून कोणी मोठा होतो का?"

सभा हसली. दुसऱ्या रांगेतला लहानू हसला नाही. मारोतरावांच्या मुलीने, विनोदिनीने, त्याला साक्षीसाठी सकाळच्या बसने आणलं होतं. साठी उलटली तरी त्याला एक खुर्ची पुरत नव्हती.

"ब्याण्णव किलो होतो मी," तो म्हणाला. "नाव बापानं ठेवलं. तवा त्याले अंदाज नव्हता."

मग सचिव श्रीपादने मंडळाचं अडुसष्ट सालचं हस्तलिखित उघडलं. त्या सामन्याची लेखी नोंद जगात तेवढीच होती. त्याने वाचलं: "तिसरी फेरी. लहानू..." आणि थांबला.

"काय झालं?"

"'प' आहे. 'ड' आहे. 'ला' आहे. पण 'प' आणि 'ड' यांच्या मधे कसरीने भोक पाडलंय."

वही हातोहात फिरली. लहानू पडला होता, की पाडला होता? काना मुळात नव्हताच, की कसरीने खाल्ला? एका सदस्याचं मत पडलं की कसर शाई खात नाही. दुसऱ्याने आपल्या घरच्या कुरतडलेल्या लग्नपत्रिकांचा दाखला दिला. चहा आला आणि संपला.

"शांत!" श्यामराव म्हणाले. "पडला असेल तर अपघात, पाडला असेल तर पराक्रम. सही मला करायची आहे. मारोतराव, तुम्हीच सांगा."

मारोतरावांनी चष्मा काढला. तो उजवा ठोसा त्यांना अजून दिसत होता. लहानूच्या कानाजवळून तो वाऱ्यात गेला होता. पुढच्या क्षणी लहानू फळ्यांवर आडवा, पंच दहापर्यंत मोजून मोकळा झालेला, आणि लोक टोप्या उडवत होते. तेहतीस वर्षं त्यांनी या विषयावर एक अक्षर काढलं नव्हतं. आता अक्षरसुद्धा नको होतं, नुसता काना पुरला असता. पण उद्या पोरांना काय सांगायचं? हात असा मारा, नाहीच लागला तर वही मंडळाकडे द्या?

"पडला," ते म्हणाले.

विनोदिनीने कपाळावर हात मारला. श्रीपादने पेनाला टोपण लावलं.

"काहून बे?" लहानू उठला, आणि त्याच्याबरोबर खुर्चीही उठली. ती त्याने मागे हात घालून सोडवली. "अभनपुरात मी जिंदगीभर सांगून राहिलो का मले मारोती घाटोळेनं पाडलं. त्याच्यावर लोक मले बाजारात बसाले जागा देतात. अन् आज तू म्हणतं, मी घसरलो? शेणावर घसरल्यासारखा?"

"माझा हात लागलाच नव्हता, लहानू."

"तुले काय मालूम? ठोसा मले लागला का तुले?"

मंडळाने हा मुद्दा नोंदवून घेतला.

"अन् सदुसष्टचं काहून नाही सांगून राहिला?" लहानूचा आवाज आता चढला. "याचं नाक पाहा, सायेब. डावीकडे वळलं हाय का नाही? कोणी वळवलं?"

सगळ्या सभेने नाक पाहिलं. ते डावीकडे वळलेलं होतं, आणि इतकी वर्षं कोणी ते विचारात घेतलं नव्हतं.

"ते तर वॅगनवरून पडल्यामुळे!" विनोदिनी म्हणाली. "हो ना, बाबा? आईलापण तुम्ही तेच सांगितलं होतं."

मारोतरावांनी हाताने नाक झाकलं.

"वॅगनवरून?" लहानूला हे फारच लागलं. "माझ्या डाव्या हातानं पाडला याले, दीदी. पंचानं आठपर्यंत मोजलं. रक्त असं! हा उठला, अन् मंग पुरी फेरी मले मारून पॉइंटवर जिंकला. अन् नाव वॅगनचं?"

"तुह्या आईच्या घरचे मले पाहाले येऊन राहिले होते त्या हप्त्यात," मारोतराव हळूच म्हणाले. "मार खाल्लेला जावई कोण करते? पडला म्हटलं तं चालून जाते."

श्यामरावांनी पुन्हा एकदा नाक पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला पाडणारा माणूस या भागात होता."

"हव."

"आणि तुम्ही उठून त्याला हरवलंत."

"हव."

"मग आम्ही इतका वेळ हलवाई काय मोजत बसलो?" श्यामराव खेकसले. "श्रीपाद, लिहा!"

श्रीपादने लिहायला घेतलं. "सन सदुसष्टच्या अंतिम सामन्यात लहानू यांनी मारोतरावांना खाली पडले..."

"काना दे," लहानू म्हणाला.

श्रीपादने काना दिला. "आणि अडुसष्टचं?"

मारोतरावांनी लहानूकडे पाहिलं. लहानूने छाती पुढे काढली होती. अभनपूरचा अख्खा बाजार त्या छातीत उभा होता.

"त्याले विचार," मारोतराव म्हणाले. "लागला त्याले."

"पाडला," लहानू म्हणाला, आणि खुर्ची नीट तपासून बसला.

अर्ज मंजूर झाला. तेलीबांध्याला पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी सहाला वर्ग सुरू झाला. लहानू पहिल्या बसने आला. येताना त्याने कोंडा भरलेलं पोतं आणलं आणि ते आढ्याला टांगलं. मारोतरावांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. सहाच्या आतच पोरं दारात जमली.

सतरा जणांनी नाव नोंदवलं. त्यांतली सगळ्यांत जड एक पोरगी होती, आणि तिचं वजन अडतीस किलो होतं.