चूल न पेटलेल्या घरी चहा

शनिवारी दुपारी साडेचारला रेवदंड्यातल्या आमच्या पडवीत अकरा देश येऊन बसतात. मी लॅपटॉप उघडते, आई चहा आणते आणि पडद्यावर एकेक खिडकी उजळत जाते. कुठे पहाट, कुठे भरदुपार, कुठे दिवेलागण, पण हातात प्रत्येकाच्या वाफाळता कप. आम्ही सगळे मिळून छोट्या होड्यांसाठी भरती-ओहोटी सांगणारं फुकट ॲप चालवतो. आठवडाभर कामावरून एकमेकांचं डोकं खातो, म्हणून शनिवारी कामाचं बोलायचं नाही, नुसता चहा प्यायचा, असा नियम मीच घातला. खाडीवरचा वारा आला की वाटतं, ही सगळी वाफ एकाच किटलीतून निघतेय.

आल्वारो पोर्तुगालच्या एका मासेमारीच्या गावातला. तीन शनिवार त्याची खिडकी काळी होती. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. ती गेली. मग त्याची एकच ओळ आली, ‘मला आता शोधू नका.’ सात वर्षं ज्याच्यासोबत चहा प्यायले, तो त्या बंद घरात काय करत असेल, कुणाला ठाऊक!

आईला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, “मंग त्याला चहा कोनी नेला?”

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. चहा शेजारचे आणतात, कपात ओतून हातात देतात आणि पिऊन होईपर्यंत समोर बसून राहतात. समजूत वगैरे कुणी घालत नाही. हे मी सगळ्यांना लिहिलं, पण घाईत लिहिलं. चूक माझीच. आमची माणसं पडली कॉम्प्युटरवाली. त्यांनी तासाभरात तक्ता केला, कोण कुठली पत्ती पाठवणार, एकसारखी दोनदा जायला नको म्हणून. नऊ पुडकी गेली. बरोबर पाणी किती उकळायचं त्याच्या सूचना. दहा दिवसांनी तक्त्यात सगळ्या पुडक्यांपुढे टपालवाल्याचा एकच शेरा होता, ‘दाराशी ठेवलं.’ दार काही उघडलं नव्हतं.

तरी मी अभिमानाने तक्ता दाखवायला गेले, तर आई भडकली.

“कोरडी पत्ती? म्हंजे चूल त्यानंच पेटवायची व्हय? एवढी शिकली-सवरलेली मानसं तुमी, तिथं जवल कोनी न्हाय?”

होती. लिओनोर. आमच्यातलीच, त्याच्यापासून बसने दोन तासांवर राहायची. पण तिचा आणि आल्वारोचा वर्षभर अबोला होता. तिने ॲपसाठी लिहिलेलं त्याने न विचारता पुसलं होतं, एवढ्यावरून. मी तिला फोन लावला. ती म्हणाली, “मला बघून तो दार उघडणार नाही.”

मी ते आईला मराठीत सांगितलं.

“तिला सांग,” आई म्हणाली, “भांडन घरी ठेवून जा. चहा तेवढा ने.”

मी शब्दन् शब्द तसाच पोचवला. मग लिओनोरने विचारलं, आलं किती घालायचं?

पुढच्या शनिवारी तिने थर्मास भरला. फोन कोटाच्या वरच्या खिशात ठेवला, कॅमेऱ्याचा डोळा बाहेर. तिच्या पावलांबरोबर आम्ही सगळे डुलत चाललो. ओली फरसबंदी, वाळत घातलेली जाळी, पांढऱ्या भिंती, मध्येच समुद्राचा एक तुकडा. पडवीत बसून मी त्या गल्लीतून चालत होते आणि पाय जमिनीला लागत नव्हते. कुणीही घोट घेतला नव्हता. सगळे कप हातात धरून थांबलेले.

दाराशी आमची पुडकी तशीच पडली होती. तिने ती पायाने हळूच बाजूला सारली आणि दार वाजवलं. एकदा. दोनदा. माझ्या आईने माझा हात धरला.

दार उघडलं. आल्वारोची दाढी वाढली होती. त्याने लिओनोरकडे पाहिलं, मग खिशातल्या फोनकडे.

“सगळे आहेत,” ती म्हणाली. “चहा आणलाय. करायचं काही नाही, फक्त प्यायचा.”

तो आत वळला. दार मात्र त्याने लावलं नाही. लिओनोर मागोमाग गेली. फडताळ उघडून त्याने सवयीने दोन कप काढले, टेबलावर ठेवले आणि दुसऱ्या कपावर त्याचा हात तसाच राहिला.

“हा आईचा,” तो म्हणाला.

लिओनोरने त्याच्या हाताखालून तो कप अलगद काढून घेतला, आधी त्याचा भरला, नंतर हा भरला, आणि समोरची खुर्ची ओढून बसली. ती खुर्ची कुणाची होती, ते विचारायची गरज नव्हती. तिने त्या कपातून एक घोट घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

“आता रडंल तो,” आई पुटपुटली. “रडू दे.”

आल्वारोने दोन्ही हातांनी आपला कप उचलला. तो रडत रडत चहा प्यायला, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि अकरा देशांत कुणी एक शब्द बोललं नाही.