लाउंजमधली पंगत

मुंबईच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत आमची पिशवी अडकली आणि तिच्यातून पुरणयंत्र निघालं. पितळी, दांड्यासकट, माझ्या सासूबाईंच्या वेळचं. जवानाने ते उलटंपालटं करून पाहिलं, दांडा फिरवला, शेजारच्या जवानाला दाखवलं आणि मला विचारलं, "ये क्या है, माताजी?"

मला काय माहीत? मी पिशवी भरली तेव्हा त्या जागी माझे चालायचे बूट होते. दुबईच्या समुद्रावर फिरायला म्हणून स्वरदाने, माझ्या सुनेने, मुद्दाम घेऊन दिलेले. ते बूट बाहेर काढून कुणीतरी तिथे पुरणयंत्र कोंबलं होतं.

कुणीतरी म्हणजे आमचे गुरुजी. चिंतामणगुरुजी. नाशकात पंचवटीत रामकुंडाजवळ आमचं घर आहे. बाहेरगावहून येणाऱ्या यजमानांचे विधी करायचे आणि त्यांना जेवू घालायचं, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. विधी गुरुजींकडे, जेवू घालणं माझ्याकडे. जग त्यांना गुरुजी म्हणतं, म्हणून लग्न झाल्यापासून मीही म्हणते.

"मिठाई का मशीन है," गुरुजींनी जवानाला सांगितलं. जवान हसला आणि त्याने पिशवी सोडली. मी काही हसले नाही.

हा प्रवास घडत होता तो जयरामशेठमुळे. पिंपळगाव बसवंतचे द्राक्षांचे व्यापारी, आमचे जुने यजमान. त्यांच्या मुलाने दुबईत घर घेतलं आणि वास्तुशांतीला आपलेच गुरुजी हवेत म्हणून शेठ अडून बसले. दोघांची तिकिटं पाठवली, तीही बिझनेस क्लासची. "काकूंनाही आणा, त्यांना जरा जग दिसू द्या," असं शेठ म्हणाल्याचं गुरुजींनी मला सांगितलं होतं. मी त्यावर भाबडेपणाने विश्वास ठेवला. महिनाभर शेजारणींना समुद्राच्या गोष्टी सांगत होते.

काचेचं दार उघडलं आणि लाउंजमध्ये पाय ठेवला तर बाहेरचा सगळा गलका थांबला. चपलेचा आवाज येऊ नये इतका जाड गालिचा. पाय लांब करून पडता येईल अशा खुर्च्या, प्रत्येकीशेजारी दिवा आणि फोन लावायची सोय. काचेपलीकडे विमानं उभी, आणि आत कुणाला कसली घाई नाही. एका बाजूला जेवणाचं लांबलचक टेबल, झाकणांखाली गरम भांडी, कोपऱ्यात डोसे घालणारा आचारी. स्वरदाने बजावून सांगितलं होतं, "आई, तिथलं सगळं तिकिटातच असतं. संकोच करू नका. शॉवरसुद्धा आहे, मस्त अंघोळ करा."

मी अंघोळ केली. पहाटे घरून अंघोळ करून निघाले होते, तरी केली. गरम पाणी सोडून स्वस्थ उभी राहिले, कारण दारावर थाप मारून "आटपलं का, यजमान आले" म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. गुंडाळून ठेवलेले पांढरेशुभ्र टॉवेल होते. मी दोन वापरले. एक पुरला असता.

बाहेर आले तर गुरुजी खुर्चीवर मांडी घालून बसलेले. समोर माझा डबा. बाहेरचं शिजवलेलं ते खात नाहीत, म्हणून दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या होत्या. प्रवासात त्या चालतात. डबा त्यांच्या हातापासून वीतभर लांब होता आणि त्याला काही कुलूप नव्हतं. तरी तो बंद होता.

"किती वेळ? वाढ आता," ते म्हणाले.

आमच्याकडे पुरुष एकदा पानावर बसला की उठत नाही. पाणीसुद्धा हाताशी आणून द्यायचं. यजमानांची पंगत बसली की गुरुजी हात जोडून ओळीतून फिरतात आणि प्रत्येकापाशी थांबून म्हणतात, "सावकाश होऊ द्या." लोकांना वाटतं, काय अगत्याचा माणूस! त्या वेळी मी भाताचं भांडं कडेवर घेऊन त्यांच्या मागे असते. सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगत उठत नाही, आणि ती उठल्याशिवाय आमची पानं मांडली जात नाहीत. बायका बसतात तेव्हा वरण तळाला गेलेलं असतं, भांड्यांचा ढीग पडलेला असतो आणि सावकाश होऊ द्या म्हणणारा माणूस आत जाऊन आडवा झालेला असतो.

मी डब्याला हात लावला नाही. समोरच्या खुर्चीत बसले आणि विचारलं, "पुरणयंत्र कशाला घेतलंत?"

"तिकडे मिळालं नाही तर? असू दे."

"अहो, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. कशाला घेतलंत?"

त्यांनी उपरण्याने चष्मा पुसला. मग म्हणाले, "अगं, पुरणावरणाचा स्वयंपाक आहे. साठेक पानं होतील. तिथल्या बायका हाताखाली येतील की. जयरामशेठची फार इच्छा आहे, तुझ्याच हातचं हवं."

समुद्र, बूट, महिनाभर मारलेल्या गप्पा, सगळं त्या एका वाक्यात गेलं. म्हणजे मला जग दाखवायला नेत नव्हते. पंचवटीतली चूल उचलून दुबईत नेऊन ठेवत होते, आणि चुलीला कुणी विचारत नाही, येतेस का म्हणून.

"शेठ असं म्हणाले?"

"म्हणाले म्हणजे, तसंच."

या 'तसंच'वर मी इतकी वर्षं गप्प बसत आले. या वेळी मी फोन काढला आणि जयरामशेठना लावला. गुरुजी "अगं, कशाला, कशाला" म्हणेपर्यंत पलीकडून आवाज आला.

"बोला काकू! पोहोचल्या का विमानतळावर? बसायची सोय बरी हाय ना?"

"सोय उत्तम आहे. शेठ, एक विचारायचं होतं. स्वयंपाक मीच करावा, अशी तुमची इच्छा आहे का?"

"काकू, खरं सांगू का? मी तर आचारी ठरवेल होता. आपल्या नाशिककडचाच हाय, तिथं लय वर्षं झाले त्याला. पण गुरुजीच म्हणले, आचारी नको, आमच्या घरातून करतील त्या. मंग मी काय बोलणार? मला बी बरं नाय वाटलं. पाव्हण्याला बोलवायचं अन् चुलीपुढं बसवायचं."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायची गुरुजींची जुनी सवय. हलवाई मी आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा इतकं लख्ख कळलं.

"शेठ, त्या आचाऱ्याला आत्ताच सांगून टाका. साठ पानं त्याची. देवापुढचं नैवेद्याचं एक पान मी करीन, देवाशी माझं काही भांडण नाही. बाकी मी पाहुणी म्हणून येतेय."

"बास काकू. लगेच फोन करतो त्याला," शेठ म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखा आनंद होता.

मी फोन ठेवला. गुरुजींचा चेहरा लाल झाला होता, पण आजूबाजूला सुटाबुटातली माणसं लॅपटॉप उघडून बसलेली, त्यामुळे ओरडायची सोय नव्हती. लाउंजची ही एक सुविधा स्वरदाने मला सांगितली नव्हती.

"यजमानापुढे माझी शोभा केलीस," ते दातांवर दात ठेवून म्हणाले. "आचाऱ्याच्या हातचं मी खात नाही, तुला ठाऊक आहे. मी काय खाऊ तिथे?"

"दशम्या. डबा उघडता आला तर."

"असं असेल तर तू येऊच नकोस. आपल्याला सोडायला आलेली गाडी अजून लांब गेली नसेल. ड्रायव्हरला फोन करतो, परत जा नाशिकला."

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू? त्यांचं असं बोलणं ऐकलं की मी आजवर उठत आले आहे. पदर खोचून आत जायचं आणि चुलीपाशी डोळे पुसायचे. पण इथे आत जायला स्वयंपाकघरच नव्हतं. होती ती मऊ खुर्ची, आणि तिच्यात मी पाठ टेकून बसले होते. मला तिच्यातून उठायचं नव्हतं.

"करा फोन," मी म्हटलं. "मात्र त्याला सांगा, एकच माणूस आहे, आणि तो पुरणयंत्र घेऊन येतोय. मी दुबईला चालले आहे."

"आणि वास्तुशांत कोण करेल?"

"आचारी मिळाला तिथे. गुरुजीही मिळतील."

त्यांनी फोन हातात घेतला. ड्रायव्हरचा नंबर काढला आणि न लावताच फोन खिशात ठेवून दिला.

मी डोशाच्या कोपऱ्याकडे जायला निघाले तर तिथली मुलगी पुढे आली. "मॅडम, आपण बसा ना. टेबलवर आणून देते." आपण बसा. एवढंच साधं वाक्य. मी बसले. दहीभात आला, डोसा आला, सोबत तीन वाट्यांतून चटण्या. मी प्रत्येक घास चावून खाल्ला. मागे कुणाचं पान राहिलंय का, भात गार होतोय का, हे पाहायला मान वळवली नाही. दुसरा डोसा मागवला. शेवटी गुलाबजाम घेतले.

तेवढ्यात समोर टणकन आवाज झाला. डब्याचं झाकण. गुरुजींनी उघडलं होतं, आणि उघडताना डब्यातली अर्धी चटणी धोतरावर सांडली होती. ते खाली मान घालून दशमी खायला लागले. दोन दशम्या खाल्ल्या, डबा बंद केला, उभे राहिले. मग भिंतीवरच्या पडद्याकडे पाहून पिशव्या उचलल्या.

"आपल्या विमानाचं नाव लागलंय. चल, ऊठ."

माझा गुलाबजाम अर्धा राहिला होता. वेळ भरपूर होता. मघाच्या मुलीने सांगितलं होतं, बिझनेस क्लासवाल्यांनी शेवटी गेलं तरी चालतं.

"माझी पंगत उठायची आहे अजून," मी म्हटलं.

ते तसेच उभे राहिले. एका हातात पिशवी, तिच्यातून पुरणयंत्राचा दांडा बाहेर आलेला. एरवी त्या जागी मी असते, भाताचं भांडं घेऊन.

"पाणी आणा जरा," मी म्हटलं.

एवढा वेळ लागला की मला वाटलं, आता चिडून एकटेच निघून जातील. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली. टेबलापर्यंत गेले, पेला शोधला, पाणी कुठून येतं ते एका साहेबाला विचारलं आणि भरलेला पेला दोन्ही हातांनी धरून आणला. माझ्यापुढे ठेवला आणि वळले.

"अहो, पान वाढलं की काहीतरी म्हणायचं असतं."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. "सावकाश होऊ दे," ते पुटपुटले.

"होऊ द्या," मी म्हटलं. "यजमानांना म्हणता तसं."

ते जवळची खुर्ची ओढून बसले आणि नीट ऐकू येईल असं म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

मी त्या मुलीला हात केला आणि आणखी एक गुलाबजाम मागवला.